कुलपाआडची तहान

सकाळी साडेनऊ-दहाच्या सुमारास आपल्या शहरातील कोणत्याही वस्तीतून एक फेरी मारावी. शाळेला निघालेल्या मुलांचा गलबला, वाहनांचे भोंगे, भाजीवाल्यांच्या आरोळ्या ह्या साऱ्यांच्या आड एक लहानसा आवाज घरोघरी होत असतो. तो कुलूप लागल्याचा आवाज होय. वडील कारखान्यातील पाळीवर, आई कचेरीत किंवा दवाखान्यात, मुले शाळेत, अशी सर्व मंडळी चार दिशांना पांगतात. कुलूप एकदा ओढून पाहिले आणि किल्ली पिशवीत टाकली, की संध्याकाळपर्यंत घर आपल्या मनातून नाहीसे होते. परंतु कुलपाला दोन बाजू असतात. कित्येक घरांत दुसऱ्या बाजूस एक जीव उभा असतो. आपली पावले जिन्यावरून उतरेपर्यंत तो कान टवकारून ऐकतो, दाराच्या फटीला नाक लावून क्षणभर हुंगतो, आणि उंबऱ्याशीच अंग टाकून देतो. पुढच्या सात-आठ तासांत त्याला जे जे लागेल, ते आपण निघण्यापूर्वीच ठरवून गेलेले असतो.

त्या जिवाच्या पाण्याविषयी आज चार शब्द लिहावयाचे आहेत. वार्षिकाच्या पानांसाठी हा विषय काहींना क्षुल्लक वाटेल. पण ज्या गोष्टी करावयास दोन मिनिटे लागतात आणि न केल्यास एखाद्याचा दिवस, क्वचित् जीवही जातो, त्यांना क्षुल्लक म्हणण्याचे धाडस मला होत नाही.

मनुष्य आणि कुत्रा यांची सोबत किमान १५,००० वर्षांची आहे असे शास्त्रज्ञ मानतात. शेती नव्हती, गाव नव्हते, तेव्हापासून हा प्राणी आपल्या शेकोटीजवळ बसत आला आहे. मात्र इतक्या दीर्घ सहवासात कुलपाआड एकटे बसण्याचा प्रसंग त्याच्यावर फारसा आला नव्हता. गावातला कुत्रा आळीचा असे. वाड्यातला कुत्रा वाड्याचा असे. वाड्याला दिवसा कुलूप लागतच नसे. आजी माजघरात, कुणी सून विहिरीवर, गडी गोठ्यात, असे कुणी ना कुणी घरी असावयाचेच. कुत्र्याला तहान लागली की तो गोठ्यातल्या टाकीशी जाई, नाहीतर मोरीच्या तोंडाशी, नाहीतर ओढ्यावर. त्याला पाणी ‘द्यावे’ लागत नसे. उघडे घर हाच त्याचा पाणवठा होता. आता घरे लहान झाली, माणसे थोडी झाली, आणि स्त्रीपुरुष दोघेही मिळवू लागली. हा बदल स्वागतार्हच आहे. मी स्वतः रोज घराला कुलूप लावून तुमच्यापुढे येऊन उभी राहते. परंतु घराची राखण करण्यासाठी ज्याला आणला, तो त्याच घरात कोंडला जातो आणि त्याचा पाणवठा बंद होतो, ही गोष्ट कुणाच्या ध्यानी येत नाही.

माझे माहेर गोमंतकात. आमच्या कोंकणीत कुत्र्याला ‘सुणें’ म्हणतात आणि पाण्याला ‘उदक’. मराठी मुलखात ‘उदक’ हा शब्द संकल्प सोडताना, तर्पण करताना किंवा अक्षय्य तृतीयेला उदककुंभाचे दान देतानाच कानी पडतो. आम्ही मात्र तहानलेल्या सुण्यालाही उदकच देतो. लहानपणी मला यात काहीच विशेष वाटत नसे. इकडे आल्यावर मात्र वाटू लागले, की पाण्याला एकच पवित्र नाव असणे आणि ते माणसापासून सुण्यापर्यंत सर्वांसाठी वापरणे, यात आमच्या पूर्वजांनी नकळत एक धर्मच सांगून ठेवला आहे. आमच्या घरामागे विहीर होती आणि विहिरीच्या काठाशी एक दगडी दोण. पाणी शेंदणाऱ्याने आपली घागर भरली की एक कळशी त्या दोणीत ओतावयाची, हा घरचा नियम. गाय, वासरू, मांजर, कावळे आणि आमचा सुणा हे सारे त्या एका दोणीचे पाहुणे. ती कधी कोरडी पडलेली मी पाहिली नाही, कारण विहिरीवर येणारी प्रत्येक व्यक्ती ती भरीत असे; आणि ती भरल्याचे पुण्य कुणी आपल्या नावावर मांडून घेतल्याचेही ऐकले नाही.

लग्न होऊन मी देवासला आले, तेव्हा माळव्याचा उन्हाळा मला नवा होता. समुद्राकाठचे ऊन ओले असते. ते अंगाला चिकटते, घाम पुशीत बसावे लागते. येथील वैशाखातले ऊन कोरडे. पारा ४० अंशांच्या वर चढतो, ओठ फुटतात, पण रुमाल मात्र कोरडाच राहतो, कारण घाम फुटला न फुटला तोच वाऱ्याने उडून जातो. मला पहिले आश्चर्य वाटले ते मडक्याचे. माहेरी मडक्यातले पाणी उन्हाळ्यात जेमतेम गार होई. येथे ते दात शिवशिवतील इतके थंड! माझ्या एका शास्त्रशिक्षक सहकाऱ्यांनी त्याचे कारण समजावून दिले. मडक्याच्या छिद्रांतून पाझरलेले पाणी वाफ होऊन उडते आणि उडताना उष्णता घेऊन जाते. हवा दमट असेल तर ते सावकाश उडते, कोरडी असेल तर झपाट्याने. म्हणून माळव्यातले मडके अधिक थंड होते. आणि म्हणूनच ते लवकर रिकामेही होते.

विद्यार्थिमित्रांनो, हा मडक्याचा न्याय नीट ध्यानात ठेवा, कारण कुत्र्याचे शरीर याच न्यायाने चालते. आपल्याला सर्वांगावर घाम येतो. कुत्र्याच्या बाबतीत घामाचे काम केवळ पंजांच्या तळव्यांवर आणि तेही थोडकेच होते. त्याचे खरे मडके म्हणजे त्याचे तोंड. जीभ बाहेर काढून तो धापा टाकतो, तेव्हा जिभेवरचा व श्वासमार्गातला ओलावा वाफ होऊन जातो आणि आतले रक्त निवते. त्याच्या शरीराचे तापमान मुळातच आपल्यापेक्षा थोडे अधिक, म्हणजे सुमारे ३८ ते ३९ अंश असते. ते ४१ अंशांच्या पुढे गेले की उष्माघाताचे भय असते. तात्पर्य, कुत्रा आपले पाणी खर्चून आपला देह थंड ठेवतो. जोवर मडक्यात पाणी आहे तोवर मडके गार. पाणी सरले की ते केवळ तापलेली माती. कोरड्या हवेत हा खर्च अधिक वेगाने होतो, म्हणून माळव्यातल्या कुत्र्याला उन्हाळ्यात पाण्याची गरज अधिक.

ही गरज किती, याचाही हिशेब आहे. साधारणपणे वजनाच्या दर किलोमागे दिवसाला ५० ते ६० मिलिलिटर पाणी लागते, असे पशुवैद्य सांगतात. म्हणजे १२ किलो वजनाच्या मध्यम कुत्र्याला ६०० ते ७०० मिलिलिटर, अर्थात एक तांब्याभर. उन्हाळ्यात, खेळल्यावर, पिल्लांना पाजणाऱ्या कुत्रीला किंवा कोरडे खाणे खाणाऱ्या कुत्र्याला याहून पुष्कळ अधिक. शिवाय हे सारे पाणी तो एका वेळी पिऊन साठवून ठेवू शकत नाही. उंटाची गोष्ट निराळी. कुत्रा दिवसभरात थोडे थोडे, अनेकदा पितो. त्याची पिण्याची रीतही मोठी पाहण्यासारखी आहे. आपल्याला वाटते, तो जिभेचा चमचा करून पाणी वर उचलतो. वस्तुतः तो जीभ मागच्या बाजूस वळवून पाण्यावर आपटतो आणि झपकन् वर ओढतो; त्या ओढीसरशी पाण्याचा एक बारीकसा खांब वर उसळतो, आणि तो कोसळण्यापूर्वीच कुत्रा तोंड मिटतो. म्हणूनच त्याच्या पिण्यात इतके पाणी आजूबाजूला सांडते. म्हणून भांडे तळाशी ओलावले आहे एवढ्याने त्याचे काम भागत नाही. जीभ आपटता येईल इतकी खोली भांड्यातील पाण्याला हवी.

हे सारे मी पुस्तकांतून व जाणत्यांकडून शिकले. परंतु या विषयातले मर्म मला एका विद्यार्थ्याच्या वहीतून कळले. नववीच्या वर्गाला ‘माझा आवडता प्राणी’ हा निबंध दिला होता. विषय जुनापुराणा. चाळीस वह्यांत चाळीस इमानी कुत्री, गरीब गाई आणि चपळ मांजरी. ‘मी शाळेतून घरी येताच माझा कुत्रा शेपटी हलवीत माझ्याकडे धावत येतो,’ हे वाक्य तर मला पाठ झाले होते. त्यात एका वहीत मात्र असे लिहिले होते: ‘मी घरी येऊन साखळी सोडली, की आमचा कुत्रा आधी माझ्याकडे येत नाही. तो मोरीकडे पळतो. तेथून परत आल्यावर मग तो माझ्यावर उड्या मारतो.’ मुलाने हे सहज लिहिले होते, आपल्या कुत्र्याची एक गंमत म्हणून. मी लाल शाईची लेखणी खाली ठेवली.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुटीत त्याला बोलावून विचारले, “मोरीत काय असते रे?”

“नळाखाली बादली असते, बाई. तो पाणी पितो. पुष्कळ वेळ पितो.”

“दिवसा त्याच्याजवळ पाणी नसते का?”

“असते ना, बाई! आई रोज निघताना काठोकाठ पातेले भरून ठेवते. आम्ही येतो तेव्हा ते रिकामे असते. सगळे पिऊन टाकतो तो.” त्याच्या स्वरात कुत्र्याच्या पिण्याचा अभिमानच होता.

जो दिवसभरात पातेलेभर पाणी प्यालेला आहे, त्याने पुन्हा बादलीकडे असे धावावे, हे मला काही जुळेना. मी त्याला एवढेच सांगितले, की एखादे दिवशी जरा लक्ष ठेव. योग असा, की त्याच आठवड्यात तो गणिताची वही घरी विसरला आणि शाळेच्या वाटेवरून धावत परत गेला. घरून निघून त्याला पंधरा मिनिटेही झाली नव्हती. मागील पडवीत पातेले पालथे पडलेले होते, पाणी उताराने वाहून गेले होते, आणि फरशीवरचा ओला डाग कडेकडेने सुकत चालला होता. कुत्र्याच्या गळ्यातली साखळी पातेल्यात अडकून ते उलटले होते. सर्वांना दार लावून जाताना पाहून तो त्यांच्या मागे झेपावे, आणि त्या झेपेत रोज हाच प्रकार होत असावा. संध्याकाळपर्यंत फरशी कोरडी ठणठणीत, म्हणून कुणाला संशय आला नाही. रिकाम्या भांड्याचा अर्थ घरातील मंडळी ‘प्याला’ असा करीत होती. त्याचा अर्थ ‘सांडले’ असा होता.

तो मुलगा शाळेत उशिरा पोहोचला. उशिराचे कारण मी विचारले, तेव्हा त्याच्या डोळ्यांत पाणी उभे राहिले होते. संध्याकाळी मी त्याच्या घरी गेले. त्याची आई दारातच म्हणाली, “बाई, आम्ही काही निर्दय माणसे नाही हो. एक दिवस पाणी ठेवायला चुकले नाही मी.” ती खरेच बोलत होती. मी म्हटले, “ताई, तुमच्या मायेविषयी शंका घ्यायला मी आलेच नाही. पातेल्यानं दगा दिला, आपण पातेलं बदलू या.” घरात आजीच्या काळचे एक दगडी उखळ अडगळीत पडलेले होते. मुलाने आणि त्याच्या वडिलांनी ते ढकलत ढकलत पडवीच्या सावलीच्या कोपऱ्यात आणून बसविले आणि घासून पाण्याने भरले. ते उलटविणे कुत्र्याच्याच काय, पैलवानाच्याही हातचे काम नव्हे. पडवीला खाली जाळी बसवून घेतल्यावर साखळीचीही गरज उरली नाही. पंधरवड्याने त्या मुलाने मला मुद्दाम येऊन सांगितले, “बाई, आता तो आधी माझ्याकडे येतो.”

पाणी ठेवणे आणि पाणी मिळणे ही एकच गोष्ट नव्हे, हा त्या प्रकरणाचा बोध. आपण जे ठेवले ते दुपारी दोन वाजता त्या जिवाच्या जिभेपर्यंत पोहोचते की नाही, एवढाच प्रश्न महत्त्वाचा. म्हणून ज्यांच्या घरी असा सोबती आहे त्यांच्यासाठी काही व्यवहाराच्या गोष्टी सांगते. भांडे जड आणि बुडाशी रुंद असावे. मातीचे पसरट परळ, दगडी कुंडी किंवा जुने उखळ यांसारखे उत्तम काही नाही. एकाऐवजी दोन भांडी दोन ठिकाणी ठेवावीत. एक सांडले तर दुसरे राहते. भांडे साखळीच्या वाटेत नसावे, आणि साखळीच नसली तर अधिक चांगले. सकाळची सावली दुपारी सावली राहत नाही. तेव्हा ऊन कोठे कोठे फिरते ते एखाद्या सुटीच्या दिवशी पाहून जागा ठरवावी. उन्हात तापलेल्या पत्र्याच्या भांड्यातले पाणी कुत्रा हुंगून सोडून देतो. भांडे रोज घासावे, नाहीतर बुळबुळीत थर धरतो. आणि साचलेल्या पाण्यात डासांची पैदास होते, तिचा त्रास शेवटी आपल्यालाच. खोलीची एक खिडकी उघडी असावी. गच्चीवर किंवा बंद मोटारीत तर कोणत्याही जिवाला क्षणभरही कोंडू नये. आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे शेजारच्या आजी-आजोबांपाशी एक किल्ली असावी. दुपारी एकदा कुणी दार उघडून डोकावले, तर पाणीही नवे होते आणि एकटेपणाही थोडा मोडतो.

एकटेपणाचा विषय निघाला म्हणजे मला ‘लायका’ आठवते. ३ नोव्हेंबर १९५७ रोजी रशियाने ‘स्पुटनिक-२’ हे यान अंतराळात सोडले. त्यात मॉस्कोच्या रस्त्यावर सापडलेली ही लहानशी कुत्री होती. पृथ्वीची प्रदक्षिणा करणारा पहिला सजीव म्हणून तिचे नाव आपण सामान्यज्ञानाच्या पुस्तकात वाचतो. अंतराळात वाटीतले पाणी वाटीत राहत नाही. म्हणून शास्त्रज्ञांनी तिचे अन्न व पाणी एकत्र करून त्याचा घट्ट, लिबलिबीत मुरंबा केला होता आणि तो तिच्यापुढे यंत्राने येईल अशी योजना केली होती. पाण्याचा असा सूक्ष्म विचार क्वचितच कुणी केला असेल. परंतु यानातली उष्णता वाढत गेली आणि ती काही तासांतच गतप्राण झाली, हे जगाला २००२ मध्ये समजले. तिला परत आणण्याची सोय तर मुळातच नव्हती. त्या प्रयोगातील एक शास्त्रज्ञ ओलेग गाझेन्को यांनी १९९८ मध्ये त्याबद्दल उघड खेद व्यक्त केला. इतक्या बुद्धिमान माणसांचीही योजना उष्णतेपुढे अपुरी पडली. ज्याला आपण कोंडतो, त्याच्या वाट्याचा सर्व विचार आपल्यालाच करावा लागतो, आणि त्यात राहिलेली उणीव त्याला भरून काढता येत नाही, हे त्या मुक्या प्रवासिनीने दाखवून दिले.

आपल्या परंपरेला हा विचार नवा नाही. युधिष्ठिराने सोबतच्या कुत्र्याला सोडून स्वर्गाच्या रथात चढण्यास नकार दिला, ही महाभारतातील कथा तुम्ही जाणता. नाथांची कथा तर आपल्या अधिक जवळची. काशीहून गंगेची कावड खांद्यावर घेऊन एकनाथ महाराज रामेश्वरास निघाले होते. वाटेत तप्त वाळवंटात एक गाढव तहानेने तडफडताना दिसले आणि त्यांनी देवासाठी आणलेले ते पाणी त्याच्या मुखात ओतले. उरलेसुरले किंवा खरकटे पाणी त्यांनी शोधले नाही. मात्र ही कथा मुलांना सांगताना माझ्या मनात एक विचार येतो. ते गाढव नाथांच्या डोळ्यांपुढे होते. डोळ्यांपुढची तहान कठोर माणसालाही थोडीफार विरघळविते. आपली परीक्षा निराळी आहे. आपल्याला जी तहान भागवावयाची, ती आपण निघतो तेव्हा लागलेलीच नसते. आणि लागेल तेव्हा आपण तेथे नसतो. येथे करुणेला दूरदृष्टीची जोड हवी. नुसते हृदय द्रवून भागत नाही, घड्याळ आणि मोजमापही लागते.

कायद्यानेही हे कर्तव्य मानले आहे. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा कायदा आपल्या देशात १९६० साली झाला. त्यामागे प्रख्यात नर्तकी व राज्यसभेच्या सदस्या रुक्मिणीदेवी अरुंडेल यांची मोठी तळमळ होती. त्याच्या ११ व्या कलमानुसार पाळलेल्या प्राण्यास पुरेसे अन्न, पाणी व आसरा न देणे हा अपराध ठरतो. तसेच त्याला फार आखूड वा जड साखळीने अवाजवी वेळ बांधून ठेवणे हाही. पहिल्या अपराधास ५० रुपयांपर्यंत दंड सांगितलेला आहे. रक्कम लहान आहे, परंतु तत्त्व मोठे आहे. पुढे १९७६ साली राज्यघटनेत नागरिकांची मूलभूत कर्तव्ये घातली गेली. त्यांत सजीवांविषयी दयाभाव बाळगणे हेही एक आहे.

यावर कुणी विचारील, की बाई, माणसांनाच जेथे पाणी पुरत नाही, तेथे कुत्र्यांच्या पाण्याची चिंता कशाला? देवासमध्ये हा प्रश्न विचारण्याचा अधिकार सर्वांना आहे, हे मी मान्य करते. माळवा म्हणजे पावलोपावली अन्न आणि पाणी, अशी या प्रदेशाची जुनी ख्याती. पवारांच्या थोरल्या व धाकट्या पातीचे हे जुळे संस्थान होते, तेव्हापासूनची तळी आणि विहिरी येथे होत्या. पुढे शहर वाढले, कारखाने आले. तीस वर्षांच्या काळात येथील लहानमोठी तळी बुजवून त्यांवर घरे आणि कारखाने उभे राहिले, असे अनुपम मिश्र यांनी १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या ‘आज भी खरे हैं तालाब’ या पुस्तकात नोंदविले आहे. परिणामी २५ एप्रिल १९९० रोजी इंदूरहून पाण्याचे ५० टँकर घेऊन एक आगगाडी देवासच्या स्थानकात आली. तिचे स्वागत ढोलनगारे वाजवून झाले. त्यानंतर ती पाण्याची गाडी हा शहराचा नित्यक्रम झाला. पुढे एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला अशीच गाडी गेली, ती पुष्कळांना आठवत असेल. देवासने तो अनुभव त्याच्या पाव शतक आधी घेतला होता.

माझा जन्म त्याच सुमाराचा आणि तोही दूर गोमंतकात. तेव्हा ते दिवस मी पाहिलेले नाहीत. परंतु येथील वडीलधाऱ्या स्त्रियांकडून ऐकले आहे, की हंडे-कळशा मांडून बसायचे आणि कान नळाकडे लावावयाचे. पाणी केव्हा येईल हे आपल्या हाती नाही, ते दुसऱ्याच कुणाच्या वेळापत्रकावर ठरलेले. हे ऐकताना मला वाटते, की कुलपाआड बसलेल्या जिवाची अवस्था देवासकरांइतकी दुसऱ्या कुणाला कळणार? ज्याचे पाणी दुसऱ्याच्या हाती असते, त्याचे दिवसभर कान कोठे लागलेले असतात, हे ज्या शहराने भोगले आहे, त्या शहराने तरी एक तांब्याभर पाण्यासाठी वाद घालू नये. नळाचे गढूळ पाणी निवळेपर्यंत आपण जितके वाहू देतो, तितक्यात एका कुत्र्याचा दिवस निघतो. आणि त्याच्या भांड्यातले उरलेले पाणी वाया जाण्याचेही कारण नाही. संध्याकाळी ते झाडाच्या मुळाशी घालावे.

याच जिल्ह्याने पुढे दुसरा धडाही दिला. २००६ नंतर, उमाकांत उमराव हे जिल्हाधिकारी असताना, शेतकऱ्यांनी आपल्या जमिनीचा काही भाग देऊन शेततळी खोदण्याची मोहीम चालविली. ‘रेवासागर’ या नावाने ती तळी ओळखली गेली आणि पाहता पाहता त्यांची संख्या हजारांत गेली. पाणी येण्याची वाट पाहत बसण्यापेक्षा ते आधीच साठवून ठेवावे, हे त्यांनी ओळखले. माझ्या मते पडवीतले उखळ आणि शेतातले तळे ही एकाच बुद्धीची दोन मापे आहेत. तहान लागण्यापूर्वी तिचा विचार करणे, ही ती बुद्धी.

शेवटी एक गोष्ट स्पष्ट सांगावयास हवी. पाण्याचे भांडे भरले म्हणजे आपले ऋण फिटले असे मात्र नव्हे. कुत्रा हा सोबतीचा भुकेला प्राणी आहे. रोज दहा-दहा तास ज्या घरात कुणीच नसते, आणि दुपारी डोकावणारा शेजारही नाही, त्या घराने कुत्रा आणण्यापूर्वी दहादा विचार करावा. हौस आपली आणि वनवास त्याचा, असे होऊ नये. ज्यांनी आणला आहे, त्यांनी सकाळी व संध्याकाळी त्याला फिरवावे, त्याच्याशी बोलावे. आणि दिवसाच्या तासांसाठी निदान पाणी तरी असे ठेवावे, की जे सांडणार नाही, तापणार नाही आणि सरणार नाही.

हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा उन्हाळा तोंडावर आलेला असेल. परीक्षा संपतील, कित्येक घरांतील मंडळी आजोळी जातील, कित्येकांचे आईवडील नेहमीप्रमाणे कामावर जात राहतील. मुलांनो, घरातले हे एक काम तुम्ही आपल्याकडे मागून घ्या. भांडे घासणे, भरणे आणि जागेवर ठेवणे याला दोन मिनिटे पुरतात. मात्र दार ओढण्यापूर्वी एकदा त्या भांड्याशेजारी खाली बसा आणि त्या मुक्या सोबत्याच्या उंचीवरून खोलीकडे पाहा. ऊन कोठून येईल, वारा कोठून येईल, भांडे कशाने उलटेल, हे तेथून चांगले दिसते. दुपारचे दोन ज्याला सकाळी साडेनऊलाच दिसतात, त्याच्या घरी कुलपाआड कुणी तहानलेले राहत नाही.